शिशावाचून उजेड

आमच्या वेदीसेवक मुलांपैकी एकाने गेल्या महिन्यात एक बंद पडलेला एलईडी दिवा आमच्यापुढे आणून ठेवला. मिस्सा आटोपून आम्ही नुकतेच बाहेर आलो होतो. दिवा त्याने उघडलाही होता. वरचे पांढरे झाकण निघाल्यावर आत धातूची एक वाटोळी चकती आणि तिच्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळे ठिपके दिसत होते. "फादर, उजेड तर पांढरा पडतो, मग हे पिवळे कसे?" हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याच्या आईचा होता आणि तो त्याने निरोप म्हणून आणला होता. धाकटी बहीण हाती लागेल ते तोंडात घालते. ह्या दिव्यात काही विषारी आहे काय?

पहिल्याचे उत्तर सोपे. त्या पिवळ्या ठिपक्याखाली गॅलियम नायट्राइड नावाच्या पदार्थाचा एक बारीकसा कण असतो आणि वीज दिली असता तो निळा प्रकाश देतो. हा निळा प्रकाश साधण्यात शास्त्रज्ञांची तीस वर्षे खर्ची पडली आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या तिघांना 2014 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कणावर लिंपलेली पिवळी भुकटी त्या निळ्यातला काही भाग गिळून पिवळा करून परत देते. उरलेला निळा आणि नवा पिवळा मिसळला की आपल्या डोळ्यांना पांढरे दिसते. म्हणजे आपल्या घरातला पांढरा दिवा हा मुळात पांढरा नाहीच. ते दोन रंगांचे मिश्रण आहे.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही थोडे थांबलो. त्या पिवळ्या भुकटीत शिसे नाही. तिच्यात इट्रियम, अॅल्युमिनियम व चिमूटभर सीरियम असते. परंतु चकतीवरच्या जोडांना जो डाख लावलेला असतो, त्यात शिसे असू शकते. म्हणून फुटका दिवा मुलीच्या हाती देऊ नये, एवढे त्या माउलीला आम्ही कळविले.

पण तिचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. कारण की प्रकाश देणाऱ्या पदार्थांची जी नवी पिढी जगभरच्या प्रयोगशाळांतून आज तयार होत आहे, तिच्या अगदी गाभ्यात शिसे बसलेले आहे, आणि ते तेथून काढावे तर उजेडच मावळतो. ह्या पेचातून वाट काढण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांविषयी आज आमच्या वाचक कुटुंबांना चार गोष्टी सांगाव्या असे आम्ही योजिले आहे.

शिसे आपल्याला परके नाही. मासेमाराच्या जाळ्याला ते खाली ओढते, मोटारीच्या बॅटरीत ते असते, जुन्या तैलरंगांत ते होते. पेट्रोलमध्येही ते वर्षानुवर्षे मिसळले जात असे. भारतात ते 2000 साली बंद झाले आणि जगाच्या पाठीवर ज्या देशात ते सर्वांत शेवटी विकले जात होते त्या अल्जीरियात 2021 साली. इतका खटाटोप करावा लागला ह्याचे कारण असे की, शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालते. शरीर त्याला चुन्यासारखे समजून हाडांत साठवून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे आहे की, अमुक इतके शिसे निर्धोक अशी कोणतीही मर्यादा आजवर आढळलेली नाही.

आता ह्या नव्या पदार्थांकडे वळू. त्यांचे नाव पेरोव्स्काइट. 1839 साली रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे गुस्ताव रोझ ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने वर्णन केले आणि लेव्ह पेरोव्स्की ह्या रशियन उमरावाचे नाव त्याला दिले. त्या मूळ दगडात कॅल्शियम, टायटेनियम व ऑक्सिजन आहेत. शिशाचा त्यात संबंध नाही. पुढे मात्र त्याच्या अणूंची जी मांडणी, तीच ज्यांची असेल त्या सर्व पदार्थांना हे नाव पडले, जसे मूळ पुरुषाचे आडनाव साऱ्या भाऊबंदांना लागते.

मांडणी डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. नाताळात आमची मुले कागदाचे कंदील करतात. दोन चौकोनी मनोरे तळाला तळ लावून चिकटवावेत, म्हणजे सहा टोकांचा व आठ बाजूंचा एक कंदील होतो. त्याच्या मध्यभागी धातूचा एक अणू ठेवा आणि सहा टोकांवर सहा अणू क्लोरीनचे, ब्रोमीनचे किंवा आयोडीनचे बसवा. असे असंख्य कंदील टोकाला टोक लावून वर, खाली, आजूबाजूला जोडीत जा आणि त्यांच्यामध्ये ज्या पोकळ्या राहतील त्यांत सीझियमसारखे मोठे अणू बसवा. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही मंडळी मीठ घडविणारी म्हणून त्यांना हॅलोजन म्हणतात आणि त्यांच्यापासून बनलेले हे पेरोव्स्काइट म्हणजे हॅलाइड पेरोव्स्काइट. कंदिलाच्या मध्यभागी शिसे असले की ते अतिशय सुंदर उजळते.

2015 साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे कोवालेंको व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शिशाच्या पेरोव्स्काइटचे अतिसूक्ष्म स्फटिक केले. गिळलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी नव्वदपर्यंत ते परत देत होते आणि मिठाची जात बदलली की निळ्यापासून तांबड्यापर्यंत हवा तो रंग मिळत होता. विजेवर थेट चालणारा पेरोव्स्काइटचा दिवा केंब्रिज येथे 2014 साली प्रथम साध्या तपमानावर पेटला, तेव्हा त्याची कार्यक्षमता शेकडा एकही धड नव्हती. चारच वर्षांत ती शेकडा वीसच्या पुढे गेली. एवढी घोडदौड ह्या क्षेत्रात क्वचितच पाहावयास मिळते.

ह्या यशाचे एक कारण शिशाचा स्वभाव होय. कोणताही स्फटिक निर्दोष नसतो. कोठे एखादा अणू गहाळ, कोठे एखादा भलत्याच जागी. बहुतेक पदार्थांत असे दोष म्हणजे प्रकाशाच्या वाटेवरचे खड्डे. त्यांत पडलेली शक्ती उष्णता होऊन वाया जाते. शिशाचा पेरोव्स्काइट मात्र हे दोष पोटात घालतो. ढोबळ हातांनी, स्वस्तात, बाटलीतल्या द्रावणातून केला तरी तो उजळतो. विषारी धातूच्या अंगी असा क्षमाशील गुण असावा ह्याचे आम्हास नवल वाटते.

परंतु ह्याच स्फटिकाला एक दुर्गुणही आहे. शेवटी हे एक प्रकारचे मीठच. पाणी लागले की विरघळते आणि शिसे मोकळे होते. 2020 साली चीन व युरोपातील काही संशोधकांनी ह्या पेरोव्स्काइटचे शिसे मिसळलेल्या मातीत पुदिना लावून पाहिला. त्यांना असे आढळले की, मातीत इतर कारणांनी आधीच असलेल्या शिशापेक्षा हे शिसे रोपात दसपटीने अधिक शिरते. चटणीच्या पुदिन्यावर हा प्रयोग झाला ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींच्या विशेष ध्यानात राहील. ह्या पदार्थांचे कैवारी म्हणतात की, दिव्यात शिसे जाणार ते अगदी अल्प आणि तेही काचेत बंद. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तथापि आमच्या खेड्यापाड्यांतून बंद पडलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे आम्ही रोज पाहतो. ती परसात पडते, पोरे ती फोडतात, पाऊस तिच्यावर पडतो, आणि त्याच परसात अळू व पुदिना वाढतो. 'काचेत बंद' ह्या शब्दांवर म्हणूनच आमचा फारसा भरवसा बसत नाही.

तर मग शिशाच्या जागी दुसरे काय बसवावे? सर्वांत जवळचा भाऊ म्हणजे कथील, ज्याची आपण तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतो. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ते शिशाच्या थेट वरच्या घरात आहे. घाट तोच, वागणूकही पुष्कळशी तीच. पण ह्या स्फटिकात कथलाने आपले दोनच इलेक्ट्रॉन देऊन स्वस्थ बसावे अशी अपेक्षा असते. हवा लागली की ते आणखी दोन देऊन मोकळे होते. चिरून ठेवलेले वांगे जसे पाहता पाहता काळे पडते, तशी त्याची गत. आणि कथील म्हणजे निरुपद्रवी असेही समजू नये. 2016 साली बेल्जियममध्ये झेब्रा माशांच्या अंड्यांवर प्रयोग झाले, तेव्हा कथलाच्या ह्या मिठाने पाणी इतके आंबट केले की पिले शिशापेक्षाही लवकर दगावली. 'शिसेविरहित' आणि 'निर्धोक' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत.

दुसरी युक्ती अधिक चतुर. शिशाचे दोन अणू शेजारी आहेत आणि प्रत्येकावर दोन दोन घमेल्यांचा भार आहे असे समजा. त्या दोघांना काढून एक घमेले वाहणारा एक आणि तीन वाहणारा एक असे दोन गडी लावले, तरी भार चारच राहतो आणि काम अडत नाही. चांदी एक वाहते. बिस्मथ किंवा इंडियम तीन. अशा दुहेरी पेरोव्स्काइटपैकी चांदी व बिस्मथ असलेला एक 2016 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे हेमामाला करुणादासा व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केला. तो टिकाऊ निघाला, पण प्रकाश देण्याच्या कामी आळशी. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी चांदी व इंडियम ह्यांचा जोड केला. हिशेबाप्रमाणे तो छान उजळावयास हवा होता. प्रत्यक्षात शंभर प्रकाशकण गिळून तो एकही परत देईना. हजारातून एक देणेही त्याला जड जात होते.

असे का व्हावे? येथे थोडे सावकाश वाचावे अशी आमची विनंती आहे, कारण की सगळी मौज येथेच आहे.

स्फटिकावर प्रकाश पडला की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी घेतो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा एकमेकांच्या ओढीने जोडीने राहतात. ह्या स्फटिकांचे कंदील ताठ नसतात, मऊ असतात. म्हैस चिखलात बसली की तिच्याच वजनाने खळगा होतो आणि मग तिला त्यातून उठवत नाही. तद्वत् ही जोडी जेथे थांबते तेथला कंदील तिच्यामुळे वाकतो आणि तिला धरून ठेवतो. पुढे इलेक्ट्रॉन खाली उतरून आपल्या जागी परत आला की उरलेली शक्ती प्रकाश होऊन बाहेर पडते. खळग्यातून निघालेला हा प्रकाश एकाच रंगाचा नसतो. निळसरापासून तांबड्यापर्यंत पसरलेला, म्हणजे आपोआपच उबदार पांढरा असतो. निळा आणि पिवळा मिसळण्याची गरज नाही. एकाच भुकटीतून, उन्हासारखा सगळ्या रंगांचा, डोळ्यांना सुखावणारा उजेड!

परंतु चांदी-इंडियमच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनची वरची जागा आणि खालची जागा दोन्ही एकाच घडणीच्या, मध्यबिंदूच्या दोन्ही अंगांना सारख्याच समतोल. निसर्गाचा असा नियम आहे की, अशा सारख्या घडणीच्या दोन जागांमध्ये उतरताना प्रकाश देता येत नाही. शास्त्रज्ञ ह्याला 'निषिद्ध' उतार म्हणतात. जवळच्या नात्यात विवाह लावू नये ह्या नियमाशी आमचा नेहमीच संबंध येतो, त्यामुळे हा शब्द वाचून आम्हास हसू आले. जोडी जमलेली आहे, परस्परांची ओढही आहे, पण मध्ये अडसर आहे. ताटकळत राहून अखेरीस ती शक्ती उष्णता होऊन विरून जाते.

हा अडसर दूर झाला तो 2018 साली. चीनमधील वूहान येथील हुआझाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात तांग जियांग ह्यांच्या गटाने, कॅनडा व अमेरिकेतील सहकाऱ्यांसह, चांदीच्या काही अणूंच्या जागी सोडियम बसविले. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला धातू. त्याने दोन कामे केली. सोडियमचे अणू इलेक्ट्रॉनांच्या ह्या व्यवहारात भागच घेत नाहीत. त्यामुळे चांदीच्या कंदिलाभोवती जणू कुंपण उभे राहिले, जोडीला दूर भटकता येईना आणि दोघे अधिक जवळ आले. शिवाय चांदीशेजारी सोडियम आल्याने तो नेटका समतोल मोडला, दोन्ही जागांची घडण वेगळी झाली आणि निषेध उठला. विवाहाच्या आडकाठीला वरिष्ठांकडून सूट मिळावी तसेच हे.

प्रमाण मात्र नेमके राखावे लागले. चांदीचे शंभरांपैकी चाळीस अणू सोडियमचे केले तेव्हा उजेड सर्वाधिक. त्याहून वाढविले की पुन्हा उतरती कळा. आमटीतल्या मिठाचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. त्याच्या जोडीला इंडियमच्या जागी बिस्मथ घातले, तेही दहा हजारांत चार अणू एवढेच. ह्या चिमटीने स्फटिक अधिक निर्दोष वाढला आणि जोडी आपल्या खळग्यात अधिक घट्ट बसली. परिणाम असा की, हजारातून एकही प्रकाशकण धड न देणारा पदार्थ शंभरातून शहाऐंशी देऊ लागला. अतिनील प्रकाशाच्या एका साध्या एलईडीवर ती भुकटी लिंपून दिवा केला, तर तो उघड्या हवेत एक हजार तासांहून अधिक चालला. रोज संध्याकाळी पाच तास लावला तर दोनशे संध्याकाळी. आपल्या बाजारातल्या दिव्याच्या मानाने हे थोडेच आहे, पण जन्मल्याबरोबर एवढे चालणारे मूल अशक्त म्हणता येणार नाही.

आपल्या जवळही हे काम झाले आहे. पुण्याच्या आयसर ह्या संस्थेत डॉ. अंगशुमान नाग व त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2018 सालीच ह्याच चांदी-इंडियमच्या पेरोव्स्काइटात मँगेनीज घालून नारिंगी-तांबडा प्रकाश मिळविला. पुढच्या वर्षी इटर्बियम आणि 2020 साली बिस्मथाबरोबर एर्बियम घालून त्यांनी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश काढला. दूरध्वनीचे संदेश काचेच्या तंतूंतून ज्या प्रकारच्या प्रकाशाने जातात, त्यातलाच तो. येथे युक्ती निराळी. घर तेच ठेवून आत एक पाहुणा बसवावयाचा, घराने प्रकाश गिळावयाचा आणि पाहुण्याने आपल्या रंगात तो परत द्यावयाचा.

आता जे राहिले ते सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही नुसती वाहवाच केली असे होईल. वूहानची भुकटी दुसऱ्याचा प्रकाश गिळून आपला देते. आमच्या वेदीसेवकाच्या दिव्यातील पिवळ्या ठिपक्याची जागा ती घेऊ शकेल, पण त्याखालच्या निळ्या कणाची नाही. थेट वीज देऊन असा स्फटिक उजळविणे फार कठीण आहे, कारण की जी जोडी खळग्यात रुतून बसते म्हणून प्रकाश देते, तीच रुतल्यामुळे विजेच्या प्रवाहाला वाहू देत नाही. एका गुणाची किंमत दुसऱ्या गुणाने मोजावी लागते. त्यात इंडियम आणि चांदी ह्या दोन्ही वस्तू महाग. इंडियम तर जस्ताच्या खनिजाबरोबर अल्प प्रमाणात निघते आणि प्रत्येक मोबाईलच्या पडद्यालाही तेच लागते.

थेट विजेवर चालण्याच्या शर्यतीत म्हणून पुन्हा कथीलच पुढे आले आहे. 2023 साली चीनमधील जिलिन विद्यापीठाच्या संशोधकांनी कथलाच्या पेरोव्स्काइटचा पातळ थर घडत असताना त्यात सायनुरिक आम्ल मिसळले. पोहण्याच्या तलावातील क्लोरीन उन्हात उडून जाऊ नये म्हणून जे घालतात, तेच हे. त्याने कथलाला धरून ठेवले, हवेपासून वाचविले, घाईने वेडेवाकडे स्फटिक होऊ दिले नाहीत. त्या तांबड्या दिव्याची कार्यक्षमता शेकडा वीसच्या वर गेली. शिशाच्या दिव्यांनी ती पायरी 2018 साली ओलांडली होती. कथील पाच वर्षे मागून का होईना, तेथे पोहोचले. त्याचे आयुष्य मात्र अजून तासांतच मोजावे लागते. रातोरात काही होणार नाही.

असो. त्या मुलाला आम्ही हे सारे सांगितले नाही. त्याच्या इयत्तेला पेलेल तेवढेच सांगितले. चकतीवरचा एक ठिपका मध्यभागी काळा पडलेला होता. हे ठिपके माळेच्या मण्यांसारखे एकाच तारेवर ओवलेले असतात, एक जळाला की सगळे विझतात, हे दाखविल्यावर त्याचे समाधान झाले. मीठ घातल्याने उजेड वाढतो एवढे मात्र त्याने आमच्या बोलण्यातून नेमके उचलले. पुढच्या रविवारी त्याच्या आईची गाठ पडली तेव्हा कळले की, त्याने तो काळा ठिपका नखाने खरवडून त्यात स्वयंपाकघरातले मीठ भरले आणि वडील घरी नसताना दिवा लावून पाहिला. दिवा लागला नाही. घरातली वीज मात्र गेली आणि वायरमनला बोलवावे लागले. त्याचे पैसे आपण आमच्याकडून घ्यावेत असे आम्ही त्या माउलीला सुचविले, तेव्हा ती हसली. दिवा आता आमच्या मेजाच्या खणात, कुलपात आहे.